रीडिंग पुन्हा बघा

८ जानेवारी

सल्लागारबाईंस,

तुमची यादी मिळाली. तुझ्या मामाने आणून दिली, तीही दोन्ही हातांत धरून, जणू कोर्टाचा हुकूमच आणलाय. गुळगुळीत कागद, वर हिरवं पान, खाली तुझ्या कंपनीचा फोन नंबर आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘घर हिरवं, खिसा भरलेला’. घराला पर्यावरणाशी जुळवून घ्यायला लावायचे आणि पैसे वाचवायचे चौदा मुद्दे. चष्मा लावून वाचायला बसलो. तेराव्या मुद्द्याला डोळा लागला, चौदावा सकाळी वाचला.

चौतीस वर्षं मी लोकांची मीटरं वाचली. रोज दीडशे-दोनशे घरं, जिन्याखाली वाकून, कुत्र्यांना चुकवून, पावसात वही पोटाशी धरून. कोणत्या घरात काय चाललंय ते मला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. कोणाची बायको माहेरी गेली, कोणाचा म्हातारा अंथरुणाला खिळला, कोणी चोरून शेगडी लावली, सगळं युनिटांत दिसायचं. आणि आता माझी पोरगी मला छापील कागदावर शिकवणार की खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करावा. धन्य आहे. असल्या अकलेचे तुला लोक पैसे देतात हे ऐकून मला लोकांचीच कीव आली.

पण मामाने तिकडे काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे, तेव्हा सरळच लिहितो. होय, तुझ्या आईला ऑक्सिजनचं मशीन लागलंय. तिची फुप्फुसं आकसत चालली आहेत. मशीन पुढच्या खोलीत तिच्या पलंगाशी दिवसाचे सोळा तास घुरघुरत असतं आणि एकटं रोज पाच युनिट खातं. पेन्शनीतून आधी औषधं, मग विजेचं बिल, मग उरलं तर आम्ही. डॉक्टर म्हणाला, झेपत नसेल तर दवाखान्यात ठेवा. ती म्हणाली, मी घरातून हलणार नाही. म्हणून बिल खाली आणायचंय. तुझ्या हिरव्या पानाचं मला काही कौतुक नाही.

दुसरी गोष्ट. तिला तू हवी आहेस. डॉक्टरने मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं की पावसाळा बघतील असं वाटत नाही. मामा म्हणतो, तुझी अट अकरा वर्षांपूर्वी होती तीच आहे. माझं रीडिंग बरोबर होतं असं बाबांनी आईसमोर म्हणावं, दुसऱ्या दिवशी मी दारात उभी राहते. तर माझंही उत्तर अकरा वर्षांपूर्वी होतं तेच आहे. तुझं रीडिंग चुकलं होतं. कॉलेजच्या एका प्रकल्पासाठी तू महिनाभर आपल्या मीटरसमोर वही घेऊन उभी राहिलीस, चुकीचे आकडे उतरवलेस आणि तीस वर्षं नोकरी झालेल्या बापाला ऑफिसात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तुझी आई तेव्हापासून एवढंच म्हणतेय की पोरीने माफी मागावी आणि घरी यावं. केवढीशी गोष्ट आहे. पण तुझ्या चौदा मुद्द्यांत तेवढी बसली नाही.

आता मी काय करणार ते ऐक. तुझा एकेक मुद्दा करून बघणार. रोज सकाळी सहाला रीडिंग घेणार आणि तुला कळवणार, म्हणजे तुझं ज्ञान किती युनिटांचं आहे ते तुलाही समजेल. सध्याचा खप रोजचे चौदा युनिट. वहीत टिपून ठेव.

तुझा बाप


२२ जानेवारी

सल्लागारबाईंस,

पहिला मुद्दा, दिवे. नऊच्या नऊ बदलले. दुकानदार म्हणाला, आजोबा, दहा वर्षं बघायला नको. मी म्हटलं, मी दहा वर्षं चालणार असेन तर तसं लिहून दे. घरात आता असा पांढरा उजेड पडतो की आरशात बघितलं तर आपणच आजारी वाटतो. तुझ्या आईला आवडला. तिला पुस्तक वाचता येतं म्हणे. तिचं काय, तिला आयुष्यभर काहीही चाललं.

दुसरा मुद्दा, फ्रिजचं रबर. दारात कागद अडकवा, दार लावा, कागद ओढल्यावर सहज निघाला तर रबर गेलं असं समजा. दुसरा कागद हाताशी नव्हता म्हणून तुझी यादीच अडकवली. ओढायचीही वेळ आली नाही, आपोआप खाली पडली. रबर बदललं. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, त्यामुळे आता स्वयंपाकघरात मला आडवं होऊन शिरावं लागतं.

तिसरा मुद्दा, टीव्हीचा तो तांबडा ठिपका. रिमोटने बंद केला तरी वीज जाते, भिंतीवरचं बटण बंद करा. करतो. दिवसातून सहा वेळा उठतो, सहा वेळा बसतो. वीज वाचली असेल तर ती माझ्या गुडघ्यांतून गेली.

आता तुझ्या जातकुळीतला एक माणूस ऐक. शेजारी नवा दातांचा डॉक्टर राहायला आलाय. छपरावर बारा पॅनेल. बिल शून्य. गल्लीत भेटेल त्याला थांबवून सांगतो की मी पृथ्वीसाठी करतोय. आणि घरात एसी असा सोडलेला असतो की खिडक्या सताड उघड्या. त्याचं कुत्रं स्वतंत्र खोलीत एसीत झोपतं. मी विचारलं तर म्हणाला, फुकट आहे ना काका. पृथ्वी ह्याच्या भरवशावर असेल तर तिने आत्ताच आपली सोय बघावी.

तर खप. नऊ दिवे, रबर, टीव्ही, सगळं होऊन चौदाचे झाले तेरा पूर्णांक नऊ. वाचला शून्य पूर्णांक एक. एवढ्यासाठी मी आडवा होऊन स्वयंपाकघरात शिरतोय. तुझ्या कंपनीच्या साहेबाला हे पत्र दाखव.

तुझी आई रोज विचारते, पोरीने काय लिहिलंय. मी यादी वाचून दाखवतो. खाली तू पेनने एक ओळ लिहिली आहेस ती वाचली नाही. छापील तेवढंच वाचलं.

बाप


३१ जानेवारी

तुझं पोस्टकार्ड आलं. अकरा वर्षांत बापाला पहिलं पत्र आणि त्यात शब्द तीन. ‘रीडिंग पुन्हा बघा.’ वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. अक्षर मात्र तसंच आहे, सुंदर. मामा म्हणाला, ती म्हणते पिवळे बल्ब काढून नवे लावले की खप एवढासा उतरूच शकत नाही, आकडा चुकलाय.

मला सांगतेस? तू पाच वर्षांची असताना तुला खांद्यावर बसवून रीडिंग घ्यायला मी शिकवलं. काट्यांची मीटरं होती तेव्हा. आतली चकती फिरायला लागली की तूही अंगणात गोल गोल फिरायचीस, चक्कर येऊन पडेपर्यंत. म्हणून मी तुला चकती म्हणायचो. काटा दोन आकड्यांच्या मधे असेल तर नेहमी लहान आकडा घ्यायचा, हा नियम तुला पाढ्यांच्या आधी पाठ होता. आणि आज तू मला सांगतेस, पुन्हा बघा.

पुन्हा बघितलं. बरोबर आहे. तेरा पूर्णांक नऊ. स्वतःच्या चष्म्याचा नंबर तपासून घे.

बाप


१९ फेब्रुवारी

सल्लागारबाईंस,

गच्चीला पांढरा रंग दिला. तुझा मुद्दा सातवा, ऊन परत फिरतं म्हणे. रंगारी दोन दिवस तोंड वाकडं करून काम करत होता. म्हणाला, आजोबा, गच्चीचा रंग बघायला कोण येणार आहे. मी म्हटलं, सूर्य येतो रोज, त्याला दाखवायचाय. दुसऱ्या दिवशी मीच ब्रश घेऊन एक कोपरा रंगवला आणि मग तीन दिवस कंबर धरून हिंडलो. तुझी आई म्हणाली, ह्या वयात असले उद्योग कोणी सांगितले. तुझं नाव सांगितलं. तर म्हणाली, मग नीट रंगवा.

तुला खोटं पाडायचं म्हणून तिच्या खोलीत थर्मामीटर लावून ठेवला होता. रंगाच्या आधी दुपारी चौतीस, रंगानंतर एकतीस. थर्मामीटर बदलून बघितला. तोही एकतीसच म्हणाला. तिचा कूलर आता दुपारचा लागत नाही.

गीझर रोज दहा मिनिटं, मग बंद. दोघांचं मिळून दोन बादल्या पाणी. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. ओल्या कचऱ्याचं खत करायला दोन डबे ठेवले, त्यांचा असा वास सुटला की पृथ्वी वाचली की नाही माहीत नाही, पण पाहुण्यांच्या चहाचा खर्च नक्की वाचला. आता डबे मागच्या भिंतीशी नेलेत.

आणि भात. मुद्दा नववा, अर्धा शिजला की गॅस बंद करा, भांडं ब्लँकेटात गुंडाळून ठेवा, उरलेला आपोआप शिजतो. मी भांडं गुंडाळून कुशीत घेऊन आतल्या खोलीत चाललो होतो तर दारात दातांचा डॉक्टर. म्हणाला, काका, ब्लँकेटात काय आहे? म्हटलं, भात आहे, गार पडू नये म्हणून. तो हळूच मागे सरकला. तेव्हापासून माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलतो. हे ऐकून तुझी आई एवढी हसली, एवढी हसली की खोकल्याची उबळ आली, मशीनचा आकडा वाढवावा लागला. नळी नाकात, डोळ्यांत पाणी, तरी हसतेच आहे. मी तिला असं हसताना किती वर्षांत बघितलं नव्हतं ते आठवत बसलो.

आता आकडा. मागच्या वेळी मी तेरा पूर्णांक नऊ लिहिलं. खरं होतं बारा पूर्णांक दोन. पोस्टकार्ड बरोबर होतं. का लिहिलं म्हणशील तर तुला जिंकू द्यायचं नव्हतं, दुसरं काय. पेन हातात आलं आणि सवयीने आकडा बदलून गेलं. आज सकाळी सहाला बघितलं, चोवीस तासांत नऊ युनिट. खरे नऊ. तुझी यादी भिकार छापली आहे, भाषा सरकारी फलकासारखी आहे, पण चौदातले आठ मुद्दे चालतात. मशीन बिलात बसलं. दवाखान्याचं नाव आता कोणी काढत नाही.

म्हणजे आता उरलीस फक्त तू. ह्याच्यावर चौदातला एकही मुद्दा लागू पडत नाही. तिचं बोलणं पंधरवड्यात निम्म्यावर आलंय. एक वाक्य बोलते, थांबते, श्वास गोळा करते, मग पुढचं. मामा परवा आला होता तुझं तेच उत्तर घेऊन. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

यादीच्या खाली तू पेनने लिहिलेलं काल तिला वाचून दाखवलं. ‘आई, दुपारी पंखा लावून झोपत जा.’ तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, तिला कळवा, मला सवय नाही.

बाप


५ मार्च

चकती,

तुझं रीडिंग बरोबर होतं.

तुझ्या वहीत त्या महिन्याचे दोनशे बारा होते. बिलावर चौऱ्याण्णव होते. ते चौऱ्याण्णव मी लिहिले होते, आपली गल्ली माझ्याच वहीत होती. घे. आता फ्रेम करून तुझ्या ऑफिसात लाव.

सुरुवात कशी झाली तेही सांगतो, म्हणजे तुला बापाची किंमत पूर्ण कळेल. तू वर्षाची होतीस. शंभर युनिटांच्या आत राहिलं की दर निम्मा लागायचा. तुझी आई मला म्हणाली, मी ह्या महिन्यात शंभराच्या आत आणून दाखवते. आणि ती बाई मागेच लागली. इस्त्री बंद. कपडे हाताने. दुपारी तू झोपलीस की तुझ्या अंगावर वर्तमानपत्राने वारा घालायची आणि पंखा बंद ठेवायची. महिन्याच्या शेवटी मी मीटर बघितलं, एकशे एकतीस. ती स्वयंपाकघरातून विचारत होती, किती झाले, किती झाले. मला तिचं तोंड पडलेलं बघवलं नाही. मी अठ्ठ्याण्णव म्हणालो. वहीतही अठ्ठ्याण्णव लिहिले.

हे वाचून तुला बापाचं प्रेम वगैरे दिसेल. तिथेच थांबू नकोस. पहिल्या महिन्यात प्रेम असेल, दुसऱ्या महिन्यापासून चटक होती. मग फ्रिज आला, गीझर आला, मी चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव, ब्याण्णव लिहीत गेलो. फरक फार साठला की मीटर बिघडलं म्हणून बदलून घ्यायचो. लहान आकडा घ्यायचा हा तुला शिकवलेला नियम मी जरा जास्तच मनावर घेतला. आणि वर काय मिरवायचो. गल्लीतल्या बायका तुझ्या आईला विचारायला यायच्या, वहिनी, तुमचं बिल शंभराच्या आत कसं? ती त्यांना बसवून सगळं समजावून सांगायची, इस्त्री, कपडे, पंखा. मी शेजारी बसून मान डोलवायचो आणि वर दोन गोष्टी माझ्या पदरच्या सांगायचो. शेजारचा डॉक्टर निदान पॅनेल लावून पृथ्वीची टिमकी वाजवतो. मी काहीच न लावता वाजवली.

मग तू आमच्या ऑफिसात तो अर्ज केलास. मला वाटायचं, पोरीने मुद्दाम केलं. खूप नंतर कळलं की तू काय समजली होतीस. ऑफिसची चूक झाली आहे आणि आपल्या घराकडे लोकांचे पैसे राहिलेत असं तुला वाटलं. बापाला विचारावंसंही वाटलं नाही, कारण बापाने चूक केली असेल हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. ‘आमचे बिल कमी आले आहे, कृपया दुरुस्त करावे.’ असला अर्ज कोणी करतं का ग? साहेबाने तो गंमत म्हणून सगळ्यांसमोर वाचला. सगळे हसले. मीही हसलो. मग त्याने पत्ता वाचला.

पगारवाढ थांबली. शेवटची चार वर्षं गोदामात वायरची भेंडोळी मोजत काढली. घरी मी सांगितलं की पोरीचं रीडिंग चुकलं, साहेबाला माझ्यावर राग काढायला निमित्त मिळालं. पगारातून कापून घेतले ते सोसायटीचं कर्ज म्हणून सांगितलं. त्यानंतर बिल खरं यायला लागलं, दुप्पट, तर म्हटलं दर वाढलेत. तिने सगळं खरं मानलं आणि आणखी काटकसर करायला लागली. तू बॅग भरत होतीस तेव्हा ती तुला म्हणत होती, एकदा सॉरी म्हण बाबांना, चूक सगळ्यांची होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी चपला घालून बाहेर गेलो.

हे सगळं तुला लेखी दिलंय. सहीसुद्धा करतो. आता अट पूर्ण झाली समज आणि ये. तिला सांगण्यात काय हशील आहे? तिला धाप लागते, उगाच मनस्ताप. तुला कळलं, मला कळलं, बास झालं.

बाबा


१२ मार्च

चकती,

दुसरं पोस्टकार्ड. ‘मला नव्हे, आईला.’ ह्या वेळीही तीनच शब्द. माझ्याशी बोलताना तुला शब्दांचीसुद्धा काटकसर सुचते.

चिडलो होतो. दोन दिवस कार्ड उशीखाली ठेवलं. पण तू बरोबर ओळखलंस. माझ्या मागच्या पत्रात सगळं खरं होतं, फक्त शेवटच्या चार ओळी सोडून. तिला मनस्ताप होईल म्हणून मी गप्प नव्हतो. ह्या घरात मला मान देणारं एक माणूस उरलं होतं, तेही जाईल म्हणून गप्प होतो.

काल सकाळी सहाचं रीडिंग घेतलं आणि तसाच तिच्या पलंगाशी जाऊन बसलो. तिचा चहा झाला होता. सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, एकशे एकतीसपासून. मधे कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोललो नसतो. मशीन घुरघुरत होतं म्हणून मला जरा मोठ्याने बोलावं लागलं. स्वतःची चोरी मोठ्याने सांगायला फार वाईट वाटतं, अनुभव घेऊन बघ म्हणणार नाही.

मला वाटलं रडेल. किंवा निदान दोन शब्द बोलेल, मला ते चाललं असतं. तिने नाकातली नळी बाजूला केली आणि एवढंच विचारलं.

‘मग मी दुपारी पंखा बंद करून का बसायचे?’

तिने नळी परत लावली. मग विचारलं, किती वर्षं. मी म्हटलं, एकोणीस. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. ती जुनी बिलं तिने डब्यात जपून ठेवली आहेत हे तुला माहीत असेल. मला वाटायचं, माझ्या कर्तबगारीची आठवण म्हणून ठेवली असतील. ती तिच्या स्वतःच्या कर्तबगारीची होती. तिच्या आयुष्यात तिने एकटीने करून दाखवलेली ती एक गोष्ट होती, आणि तीही मी तिच्यासाठी खोटी लिहून ठेवली होती.

संध्याकाळी मी जरा आनंदातच तिला सांगायला गेलो की आता पोरीला पत्र टाकतो, परवा-तेरवा येईल. तर म्हणाली, ‘तिला बोलवू नका. मी तिला अकरा वर्षं माफी माग म्हणत होते. आता कुठल्या तोंडाने भेटू तिला?’

मी समजावलं, पुन्हा समजावलं. ती भिंतीकडे वळली.

म्हणजे बघ. इतकी वर्षं तू येत नव्हतीस म्हणून ती झुरत होती. आता तू यायला तयार, तर तिला तोंड लपवावंसं वाटतंय. चोरी माझी, लाज तिला. चौतीस वर्षं नोकरी केली, पण असलं काम दुसरं जमलं नाही.

बाबा


१७ मार्च

चकती,

हे पत्र तिला न विचारता लिहितोय. मामाबरोबर पाठवतोय म्हणजे पोस्टाचे दोन दिवस वाचतील. त्याला आज चहा दिला, दोनदा.

कालपासून मशीन चोवीस तास लावलंय. डॉक्टरने कालच बघितलं आणि ह्या वेळी मला व्हरांड्यात नेलं नाही, तिथेच हळू आवाजात सांगितलं. आता पावसाळ्याची गोष्टच सोड, दिवसांची भाषा आहे.

ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी, औषध, उशी. पंखा मात्र आता सतत लावलेला असतो. सकाळी गारवा असतो, अंगावर पांघरूण घेते पण पंखा पूर्ण वेगावर. मी बंद करायला गेलो तर नुसती बघते. मी परत येतो. मशीन आणि पंखा मिळून खप पुन्हा बारावर गेला. जाऊ दे. वीस झाला तरी मी काही बोलणार नाही, आणि बोलायला मी आहे कोण.

तुझी अट पुरी झाली, तर हिचं नवंच निघालं. तू म्हणशील, आईच नको म्हणतेय तर मी कशी येऊ. माझ्या म्हणण्यावर तू का यावंस हे मलाही सांगता येत नाही. माझ्या शब्दाला घरात किंमत नाही, ऑफिसात तर अकरा वर्षांपूर्वीच गेली. म्हणून माझं मत लिहीत नाही. फक्त जे दिसलं ते लिहितो, कमी नाही, जास्त नाही.

परवा मी औषधं आणायला गेलो असताना तिने शेजारच्या दातांच्या डॉक्टरला हाक मारून पलंग फिरवून घेतला. मला सांगितलं नाही. त्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं काम केलं. आधी तिचं डोकं दाराकडे होतं, आता तोंड दाराकडे आहे. मी कारण विचारलं नाही. दाराची कडी वाजली की ती आधी केसांवरून हात फिरवते, पदर सारखा करते, मग बघते कोण आलंय. काल दूधवाल्यासाठी केलं. आज सकाळी पोस्टमनसाठी केलं, आणि तो गेल्यावर पुन्हा डोळे मिटून घेतले.

सकाळची गाडी इथे साडेनऊला पोचते. मी स्टेशनवर येणार नाही, तुला नको वाटेल. मी घरीच मागच्या खोलीत असेन. दार लोटलेलं असेल, कडी तेवढी वाजव.

बाबा